दोन भोवरे

त्यांची टोपी उडाली आणि माझ्या संत्र्यांवर येऊन पडली. बाकी सगळं त्यानंतर झालं.

पांढुर्ण्याच्या स्टेशनात न थांबणारी एक गाडी दुपारी यायची. यायची कसली, धडधडत निघून जायची! तिची चाहूल लागली की फलाटावरच्या बायका पदर सावरायच्या आणि पुरुष टोप्या धरायचे. त्या दिवशी बाबा पेट्या मालडब्यात चढवून घेण्याच्या गडबडीत होते आणि मी वाकून शेवटच्या पेटीत गवत कोंबत होते. गाडी आली, गेली, आणि एक पांढरी टोपी गिरक्या घेत थेट माझ्या पेटीत. तिच्या मागोमाग कागदाचे चिटोरे! टोपीच्या घडीत या माणसाने सगळं दप्तरच भरून ठेवलं होतं की काय...

"पाय देऊ नका! हात जोडतो, त्याच्यावर पाय देऊ नका!"

एक सडपातळ तरुण धावत आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसून चिटोरे वेचू लागला. एक माझ्या पदराला चिकटला होता. मी तो सोडवून पाहिला. वळणदार अक्षरात एकच शब्द होता — भोवरा. खाली काहीच नाही. हे काय म्हणून विचारायला मी मान खाली घातली, तर त्यांचं बोडकं डोकं बरोबर माझ्या डोळ्यांखाली. दाट काळे केस, आणि मधोमध... एक नाही, दोन! एक उजवीकडे वळलेला, एक डावीकडे.

"बाप्पा! दोन भवरे!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"कुठं?" ते दचकून वर पाहू लागले. त्यांना वाटलं, भुंगे आले.

"वर नाई. तुमच्या डोक्यात."

"असतील. मला तर कधी दिसले नाहीत."

"दोन भवरे म्हंजे दोन बायका. माहीत नाई का तुमाले?"

त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर चढवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "एकीचा पत्ता नाही अजून," ते म्हणाले, "दोन कुठून आणू?"

मी खळखळून हसले. आता वाटतं, किती बिनघोर हसले मी! दुसऱ्या कुणाच्या नशिबातली दुसरी बायको फार मजेची असते.

त्यांचं नाव मोरेश्वर. राहणारे नागपूरचे, मास्तर सौंसरच्या शाळेत. नागपूरच्या त्यांच्या जुन्या गुरुजींनी शब्द गोळा करायचं काम काढलं होतं. एकेका शब्दाचे जितके अर्थ लोकांच्या तोंडी असतील तितके जमवायचे. या खेपेला भोवरा. बैलाचे भोवरे ओळखणारे कुणी भगवंतराव म्हणून पांढुर्ण्यात आहेत असं त्यांना कळलं होतं आणि त्यांनाच ते शोधत आले होते.

"भगवंतराव?" मी म्हणाले. "तो पेटीवाल्यावर ओरडून राहिला ना, तोच. माहा बाप हाये तो."

असे ते आमच्या घरी आले.

बैल घेताना लोक दात पाहतात, चाल पाहतात. बाबा भोवरे पाहत. गुरांच्या बाजारात लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेत. कपाळावरचा एक भोवरा घरात लक्ष्मी आणतो, अमक्या जागचा धन्याला लागतो, असं त्यांचं सगळं पक्कं होतं. मास्तरांना त्यांनी सरळ गोठ्यात नेलं आणि बैलाच्या कपाळावर बोट ठेवलं.

"हा पाहा. एकच हाये, बरोबर मंधात. अन् दोन असले जवळजवळ, तं बैल फुकट देला तरी मी घेत नाई."

"का बरं?"

"जोडी मोडते."

मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. नजर आपोआप मास्तरांच्या टोपीवर गेली.

मास्तर मात्र खुशीत होते. बोलायला लागले की हातांनी हवेत गोल काढायची त्यांना सवय होती. "काका, संस्कृतात भ्रम म्हणजे फिरणं, गरगरणं. त्याच्यावरून भ्रमर. भ्रमर म्हणजे भुंगा, फुलाभोवती फिरतो म्हणून. भ्रमराचा झाला भवर, मग भवरा, मग भोवरा. पुढे जे जे गरगरताना दिसलं त्याला लोकांनी तेच नाव दिलं. पोरांचा लाकडी भोवरा, पाण्यातला भोवरा, केसांतला भोवरा. आपल्याला भोवळ येते ना, तीही त्याच घरची."

"म्हंजे आमीच जुनं बोलून राहिलो," बाबा म्हणाले. "भवरा! तुमी नागपूरवाले मांगून आले."

दोघं हसले. चहा घेऊन आलेली आत्या मात्र हसली नाही. तिने कपबशी ठेवली आणि तशीच आत गेली.

देवकाबाई आत्याने मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी लहान होते आणि आत्या तेव्हाच सासरहून परत आली होती, एक पत्र्याची पेटी घेऊन. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याच्या डोक्याला तेल लावताना तिला दोन भोवरे दिसले होते. तिने ते हसण्यावारी नेलं. काही वर्षांनी नवऱ्याने दुसरी आणली, आणि आत्याला तिच्याच चुलीपाशी बसायला जागा उरली नाही. ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्याने सांगत नसे. पण भोवरा हा शब्द निघाला की आत्या उठून आत जाई.

म्हणून त्या दिवशी मी मास्तरांना ओसरीवर गाठलं. "एक सांगू? आमच्या घरी टोपी काढजा नोका."

"का?"

"वारा लागते."

"घरात?"

"आमच्या घरात खूप वारा हाये," मी म्हटलं. ते हसले आणि टोपी आणखी खाली ओढून घेतली. मला का वाटलं होतं की त्यांनी पुन्हा आमच्या घरी यावं, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

ते आले. रविवारच्या बसने येऊ लागले. कधी बाबांना विचारायला, कधी आत्याला, आणि मग... कुणालाच काही विचारायला नाही. मी त्यांच्यासाठी अर्थ शोधून ठेवायची. ते टोपी न काढता बोटाने चिटोरा घडीत सरकवायचे आणि असे पाहायचे की मला पुढच्या रविवारपर्यंत काम गोड लागायचं.

आणि मग एका रविवारी ते म्हणाले, "पाण्यातल्या भोवऱ्याचं प्रतिभाबाईंनी फार सुंदर सांगितलं."

"कोन प्रतिभाबाई?"

"आमच्या शाळेत आहेत. वैनगंगेच्या काठचं गाव त्यांचं. फार बारीक नजर आहे त्यांची."

झालं! त्या दिवसापासून माझ्या जेवणात खडे लागायला लागले. मी प्रतिभाबाईंना पाहिलं नव्हतं, पण त्या कशा दिसतात ते मला पाठ झालं होतं. गोऱ्या, उंच, पांढऱ्या साडीतल्या, आणि मास्तरांच्या शेजारी बसून सुंदर सांगणाऱ्या. मास्तरांना दोन भोवरे. एकीचा पत्ता लागला तर!

महिन्याभराने मास्तर त्यांना घेऊनच आले, आत्याकडून जात्यावरचे शब्द ऐकायला. बुटक्या, सावळ्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि इतक्या गोड बोलल्या की आत्यासुद्धा खुलली. माझ्या हातच्या चकल्यांची त्यांनी तोंडभरून तारीफ केली. वाईट बोलायला काही सापडेना म्हणून मला आणखीनच राग आला. जाताना त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरचा दोरा सहज उचलून टाकला. सहजच. मी रात्रीच्या भाकऱ्या करपवल्या.

पावसाळ्यात जाम नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. आत्या चंडीमातेच्या देवळात दिवा लावायला गेली होती. मी मास्तरांना घेऊन काठावर उभी होते. पलीकडे सावरगाव धुरकट दिसत होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीत झेंडा रोवतात, त्याच्या खालच्या अंगाला पाणी वळण घेतं, आणि तिथे पुरात भोवरा पडतो.

"हा पाहा आमच्या जामचा भवरा," मी म्हटलं. "वैनगंगेचा मोठा असंल. प्रतिभाबाईले इचारा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "तुम्ही प्रतिभाबाईंवर रागावून राहिल्या का?"

"मी? मी कायले रागावू? तुमच्या शाळेत कोन हाये, कोन तुमचे दोरे उचलते, मले काय करायचं!"

एक पळसाचं पान भोवऱ्यात शिरलं. गरगरलं, आत ओढलं गेलं, पुन्हा वर आलं. दोघंही त्याच्याकडे पाहू लागलो. बोलायचं होतं ते दुसरंच.

"मास्तर..." मी म्हटलं.

"हं?"

"दुसरी कोन?"

"कुठली दुसरी?"

"तुमच्या डोक्यातली."

त्यांनी टोपी कपाळावर नीट बसवली. मग हळूच म्हणाले, "आधी पहिली कोण ते तर विचारा."

"...कोन?"

"जी मला टोपी काढू देत नाही, ती."

माझे कान तापले. नदीचा आवाज एकदम मोठा झाला. देवळातून आत्या हाक मारू लागली. आनंद व्हायलाच हवा होता. झालाही, इतका झाला की घराच्या वाटेवर मी चिखल न पाहता चालत राहिले. पण घरी आत्या पाय धुवायला वाकली आणि तिचं मोकळं मनगट मला दिसलं. मी पहिली होते. आत्याही पहिलीच होती.

त्या रात्रीपासून मी एका बाईवर जळू लागले जी कुठेच नव्हती. तिला नाव नव्हतं, तोंड नव्हतं. कदाचित ती अजून परकर नेसून कुठे लंगडी खेळत असेल. पण एक दिवस ती माझ्या चुलीपाशी येऊन बसेल आणि मास्तर तिला हवेत गोल काढून दाखवतील, एवढं मला स्पष्ट दिसे. प्रतिभाबाईंवर जळणं सोपं होतं, त्यांना निदान चष्मा तरी होता.

त्यातच राज्यांची वाटणी ठरली. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी मात्र भोपाळला. बाबा ओसरीवर बसून येईल त्याला विचारत, "संत्रं नागपूरच्या बाजारात, पावने-रावने नागपूरकडचे, अन् अर्ज द्याले भोपाळले जाऊ का मी?" पण माझ्यावर आभाळ कोसळलं ते वेगळ्याच बातमीने. नागपूरकडच्या नोकरदारांना तिकडे पाठवणार होते. मास्तर जाणार होते, दिवाळीच्या आत. आणि प्रतिभाबाईही तिकडच्याच, म्हणून त्याही!

मास्तर पोळ्याच्या दिवशी आले. या वेळी शब्दांसाठी नाही. "आज काकांना विचारतो," ते मला विहिरीपाशी म्हणाले.

"टोपी काढजा नोका, तुमाले माही आन हाये."

"जया," ते म्हणाले. जयवंता या माझ्या लांबलचक नावाचं त्यांनी केव्हा जया करून टाकलं होतं कुणास ठाऊक. "डोकं झाकून मुलगी मागू?"

"लग्न झाल्यावर काढा ना मंग! जलमभर काढा!"

ते नुसते हसले, आणि मला वाटलं त्यांना पटलं.

दिवस फार सुरेख गेला. बैल रंगवले, झुली घातल्या, पुरणपोळीचा घास दिला. मास्तरांनी बाबांपाशी बसून सगळं सरळ सांगितलं. बाबा मिशीवर हात फिरवत राहिले. मास्तर त्यांना आवडत होते, मला ठाऊक होतं. "मानूस तं चांगला हाये," ते आत्याला म्हणाले, "तुले काय वाटते, देवका?" आत्याने मान डोलावली. मी दाराआड उभी राहून चौकटीला घट्ट धरलं होतं.

"चाला, बैलाच्या पाया पडा," बाबा हसून म्हणाले, "मंग बोलू पुढचं."

मास्तर बैलापुढे गेले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग शांतपणे टोपी काढली, काखेत धरली आणि बैलाच्या खुरांवर डोकं टेकवलं.

साऱ्या तालुक्यातल्या बैलांचे भोवरे पाहिलेला माझा बाप त्यांच्या पाठीशी उभा होता.

बाबांचा हात मिशीवरच थांबला. आत्याने तोंडाला पदर लावला. मास्तर उठले आणि म्हणाले, "काका, दोन आहेत. जयाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नसताना मुलगी घेऊन जाणं मला बरं वाटलं नसतं."

"असा बैल मी फुकट घेत नाई, मास्तर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "अन् तुमी माही पोरगी मांगून राहिले."

"काका, आता कायदा झाला आहे. पहिली असताना दुसरी करताच येत नाही."

"कायद्याले भवरा दिसते का? पहिली असताना करता येत नाई, पहिली मेल्यावर तं येते? तुमी आता परराज्यात चालले. उद्या माह्या पोरीचं काही झालं तं मी कोनाले इचारू?"

मास्तर गेले. मी बाबांवर चिडले, मग मास्तरांवर. काय गरज होती खरेपणाची! आणि रडून झाल्यावर कळलं, की मला ते आवडत होते ते याचसाठी. त्यानेही राग गेला नाहीच.

आठ-पंधरा दिवस घरात बोलणं असं नव्हतं. मग एका संध्याकाळी आत्या बाबांपुढे जाऊन बसली. ती असं कधी करत नसे.

"भगवंता, त्याचं पहिलं लगन रुईच्या झाडासंग लावू," ती म्हणाली. "पहिलीवरचं संकट झाड घेईल आपल्या अंगावर. आपली जया दुसरी होईल. दुसरीले काही होत नाई." ती जरा थांबली. "माह्या वक्ताले कोनी रुई आनली असती, तं मी आज माह्या घरी असती."

बाबा बहिणीकडे पाहत राहिले. तिच्यापुढे त्यांना नाही म्हणता येईना. "पन चातुर्मास चालू हाये," एवढंच ते म्हणाले.

"झाडाले कायचा मुहूर्त? जामसांवलीले मारुतीच्या मांगं रुईच रुई हाये."

मास्तरांना निरोप गेला. या असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्यांचं उत्तर आलं, आत्याबाईंच्या मनाला स्वस्थता येत असेल तर मी झाडाशी काय, कुंपणाशीही लग्न करीन. सगळे हसले. मीसुद्धा. मला सुटका झाल्यासारखं वाटत होतं. बिननावाची ती बाई एकदाची पुसली गेली होती. मी दुसरी होणार होते, आणि पहिली एक रुई.

शनिवारी आम्ही बैलगाडीने जामसांवलीला गेलो. पिंपळाखाली मारुतीराय निजलेले. दर्शन घेतलं, मास्तरांनी रुईच्या पानांची माळ वाहिली. मग देवळामागे आत्याने एक भरदार झाड निवडलं. बुंध्याशी सडा टाकला, झाडाला हिरव्या खणाचा पदर पांघरला, हळदकुंकू लावलं. जांभळी-पांढरी फुलं त्या खणाबाहेर डोकावत होती. आत्याच्या ताटात दोन हार होते आणि काळ्या मण्यांची पोत होती.

मी दूर उभी राहून पाहत होते. झाडच तर होतं ते. चीक गळणारं, बांधावर कुठेही उगवणारं. गाईसुद्धा तोंड लावत नाहीत त्याला. पण खण पांघरल्यावर ते झाड नव्या नवरीसारखं मान खाली घालून उभं राहिलं, आणि वारा आला तसं मास्तरांच्या बाजूला झुकलं. मेलं लाजत होतं!

"टोपी काढा मास्तर," आत्या म्हणाली. "अन् घाला हार."

मास्तरांनी टोपी काढली. हार उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं हसले, आणि झाडाकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या गळ्यात ते हार घालणार होते. आणि ती मी नव्हते.

"थांबा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी चालत कधी आले ते मलाच कळलं नाही. मी झाड आणि मास्तर यांच्या मध्ये उभी होते.

"काय झालं वो?" आत्या घाबरून म्हणाली.

"मले नाई चालत," मी म्हटलं. "झाड का असंना, मले नाई चालत. यायच्या गळ्यात पयला हार माहा पडंल."

"जया, येडी झाली का तू?" बाबा म्हणाले. "झाडावर जळून राहिली?"

"हो, जळून राहिली!"

आत्याने माझा दंड धरला. तिचे डोळे भरले होते. "पोरी, पहिली होनं सोपं नसते वो. म्या भोगलं हाये."

"मले भेव हाये, आत्या. रोज भेव वाटते," मी म्हटलं. "पन दोन लगनं लिहेली असतील ना याच्या डोक्यात, तं दोन्ही माह्यासंगच होतील. आज एक, तुळशीच्या लगनानंतर एक. पयलीबी मी, दुसरीबी मीच. तिसरा भवरा नाई हाये, म्या पाह्यलं."

मी ताटातला दुसरा हार उचलला आणि मास्तरांच्या गळ्यात घातला. ते इतके चकित झाले होते की वाकायलाही विसरले, मला टाचा उंच कराव्या लागल्या. मग भानावर येऊन त्यांनी रुईसाठीचा हार माझ्या गळ्यात घातला.

"बायको," ते अगदी हळू म्हणाले, "मी विचार करून राहिलो होतो, ही कधी येते..."

"अन् नसती आली तं?"

"तर झाडाला सांगितलं असतं, जरा थांब."

बाबा मास्तरांच्या मागे गेले. बोडक्या डोक्यावरच्या त्या दोन भोवऱ्यांकडे त्यांनी बारकाईने पाहिलं, बाजारात पाहत तसंच. आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. ही थाप पडली की सौदा पक्का, मग कुणी मागे फिरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

आत्याने काळी पोत मास्तरांच्या हाती दिली. झाडावरचा हिरवा खण तिने काढला, झटकला आणि माझ्या खांद्यांवर पांघरला. मग तिथेच बसून रडली, आणि रडता रडता हसायलाही लागली.

पहिलं लग्न झालं तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. दुसरं झालं तेव्हा भोपाळ. तुळशीचं लग्न झाल्यावर मास्तर परराज्यातून वरात घेऊन पांढुर्ण्याला आले, आणि शेजारची हिंदी बोलणारी काकू "भाँवर पडली, भाँवर पडली" म्हणत सप्तपदीला अक्षता टाकत होती. भाँवर म्हणजे अग्नीभोवतीचे फेरे, हा त्याच घरातला आणखी एक शब्द! भर मांडवात मास्तरांचा हात चिटोऱ्यासाठी डोक्याकडे गेला. टोपीच्या जागी मुंडावळ्या होत्या म्हणून वाचले.

मास्तरांना काटोलची शाळा मिळाली. प्रतिभाबाईंना अकोला. साऱ्या त्या वाटणीत सरकारने एवढं एक काम फार चांगलं केलं.

काटोलला एका रविवारी सकाळी मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. ओट्यावर ऊन आलं होतं. केस बाजूला करून मी एका भोवऱ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. आत्याने हसून सोडून दिलं होतं, मी नाही सोडलं. हा माझा, आणि हाही माझाच.

मास्तर डोळे मिटून बसले होते. "पहिली फार चांगली होती," ते एकदम म्हणाले.

"कोन पहिली?"

"जामसांवलीची. काय पोरगी होती! सगळ्यांसमोर आली अन् हार घातला. ही दुसरी म्हणजे... प्रतिभाबाईंचं पत्र आलं तर सकाळपासून भांडून राहिली."

मला कळत होतं. सगळं कळत होतं. तरी खरं सांगते, क्षणभर मला त्या जामसांवलीच्या पोरीचा असा राग आला! मी तेलाची वाटी आपटली, खुंटीवरची टोपी ओढली आणि त्यांच्या डोक्यावर दाबून बसवली.

"मंग जा ना तिच्याकडेच!"

"गेलो असतो," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "पण तिचा हात माझ्या डोक्यावर आहे."

हात खरंच तिथेच होता. मी तो काढला नाही.